तळाचं पाणी

धरणाच्या पोटात पाणी थराथरांनी झोपतं.
वर कोमट : मोटरबोटी, बियरचे डबे,
केशरी जॅकेटातल्या पोरांचा गलका.
त्याखाली हिरवट, मग नुसतंच काळं,
आणि अगदी बुडाशी
गेल्या हिवाळ्यातल्या बर्फाचं पाणी,
अजून कुणाशी न बोललेलं.

माझी रात्रपाळी. चार दरवाजे, सहा पडदे,
आणि एक कॉफीचं यंत्र, जे फक्त माझं ऐकतं.
तळं राखील तो पाणी चाखील म्हणतात.
एकवीस वर्षं राखतेय.
माझ्या घरच्या नळाला विहिरीचं येतं,
गंधकाच्या वासाचं.

खाली नऊ मैलांवर
व्हर्ना टॉमकिन्स मांडीभर प्रवाहात वाकलेली असते.
सामनची मादी शेपटीनं गोटे उडवून
पलंगाएवढा खळगा करते, अंडी घालते,
गोट्यांनीच झाकते, आणि आठवड्याभरात
तिथंच कुठंतरी आडवी होते.
व्हर्ना काठावर गुलाबी फीत बांधते.
यंदाची एकशे सतरावी.
पाणी छप्पन्न फॅरनहाइटच्या वर गेलं
की अंडं पांढरं पडतं.
आवाज होत नाही. फीत तशीच फडफडत राहते.

म्हणजे मी बुडाचं पाणी जपून सोडायचं,
जूनमध्ये थोडं, ऑगस्टसाठी राखून,
ऑक्टोबरपर्यंत पुरवून,
पगार पुरवतात तसं.

पण जूनमध्येच हरकीरत बैंसचा फोन येतो.
पहाटे पाचला. तो ओरडत नाही.
त्याच्यामागे पंप हवा ओढत असतो,
ते खरखरणं तो मला मुद्दाम ऐकू देतो.
चाळीस एकर पीच. बापानं अडुसष्ट साली घेतलेली जमीन.
"फळात पाणी भरायचे हेच पंधरा दिवस," तो म्हणतो,
"तू माशांची की माणसांची?"
मी म्हणते, मी दरवाजांची.
हे उत्तर मला स्वतःला आवडत नाही.

एकदा त्यानं पेटीभर पीच पाठवले होते.
नियमात बसत नाही. मी परत नेऊन दिले.
आठवडाभर माझ्या गाडीला वास होता.

आणि शहर. तीस हजार नळ,
एकही फोन करत नाही,
फक्त संध्याकाळी सहाला सगळे मिळून उघडतात
आणि पडद्यावरची रेघ मान टाकते.

अल्विन दरवर्षी एकदाच येतो.
त्याच्या माणसांचा मासे मारायचा खडक
या जलाशयाखाली आहे, अडीचशे फुटांवर.
कठड्याला टेकून त्यानं विचारलं,
"खाली अजून गार आहे?"
हो म्हटलं.
"मग आहे ती जागा," तो म्हणाला,
आणि टोपी सारखी करून निघून गेला.
तेव्हापासून तळाचा दरवाजा उचलताना
कुणाच्या तरी घरातून काहीतरी काढतेय असं वाटतं.
कुणाला सांगितलं नाही. आकड्यांत मावत नाही.

सप्टेंबरात आदेश आला : दोनशे क्युसेक कमी करा.
एकदम नाही. तासाला बोटभर,
नाहीतर काठच्या डबक्यांत पिल्लं अडकतात.
रात्री दोन चाळीसला मी चाक फिरवलं,
थांबले, कॉफी प्यायले, फिरवलं.

फोन वाजला. बैंस. माझा हात आधीच कडक झाला.
"माझ्या पाटात," तो म्हणाला, "जाळीतून आलेत.
बोटाएवढे. चकाकतायत टॉर्चमध्ये.
काय करायचं असतं यांचं?"

मी व्हर्नाचा नंबर दिला.
मग बराच वेळ कुणीच काही बोललं नाही
आणि माझ्या लक्षात आलं,
मागची खरखर येत नाहीये.

"बंद केलाय," तो म्हणाला. "तासभर.
तासभरच, कळलं ना?"

कळलं, म्हटलं.
नोंदवहीत आवक, जावक, पातळी, तापमान.
त्या तासाला रकाना नव्हता.
मी समासात पेन्सिलनं एक टिंब दिलं
आणि चाकाकडे परत गेले.